सावलीचा रंग कोणता?

विद्यार्थिमित्रांनो, एक चुन्याने पोतारलेली पांढरी भिंत डोळ्यांसमोर आणा. तिच्यासमोर पपईचे झाड आहे. सकाळचे स्वच्छ ऊन पडले आहे आणि झाडाची सावली भिंतीवर उमटली आहे. तुम्हाला याचे चित्र काढायचे आहे. सावली रंगवायला रंगपेटीतल्या कोणत्या वडीवर कुंचला फिरवाल?

तुमच्यापैकी बहुतेकजण काळ्या वडीकडे वळतील. त्यात थोडे पाणी घालून करडा रंग कराल आणि सावली तयार! मीही तेच केले होते. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. प्रकाशाचे प्रकरण दरवर्षी फळ्यावर आकृत्या काढून समजावून देतो. तरीही मी चुकलो. नुसता चुकलो असे नाही, तर एका मुलीचे बरोबर उत्तर चूक ठरवून बसलो. ती हकिकत आणि तिच्यामागचे विज्ञान आज तुम्हाला सांगायचे आहे.

सांदवाडीतले चित्र

बपेरा हे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातले, मध्य प्रदेशच्या सीमेजवळचे गाव. मी मूळचा कोल्हापूरचा. नोकरीच्या निमित्ताने इकडे आलो, तेव्हा सारेच नवे होते. आमच्याकडे उसाचे फड, तर इथे धानाच्या बांध्या. आम्ही ज्याला परस म्हणतो, त्याला इथे सांदवाडी म्हणतात. बोलताना वाक्याच्या शेवटी एक गोड ‘जी’ येतो. बाजारात मराठीबरोबर हिंदी आणि पोवारीही कानावर पडते. माझे कोल्हापुरी हेल ऐकून मुले तोंडावर हात धरून हसत. नव्या गावात आपण सर्वांना दिसत असतो, पण कोणाच्या ओळखीचे नसतो. तुमच्यापैकी ज्यांच्या वडिलांची किंवा आईची बदली होते, त्यांना हे चांगले ठाऊक असेल.

माझ्या भाड्याच्या घरामागे लहानशी सांदवाडी होती. पपई, पेरू, वांग्यांची चार झाडे आणि कुंपणावर वालाचा वेल. कोल्हापूरला असताना आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रे पाहण्यात आली होती. १९३१ साली निधन पावलेल्या या चित्रकाराने कोल्हापूरच्या कोटितीर्थ तलावाचा परिसर रंगवला आहे. तेव्हापासून मलाही जलरंगांचा नाद लागला होता. डिसेंबरातल्या एका रविवारी मी सांदवाडीत पाट टाकून चित्र काढायला बसलो.

उघड्यावर चित्र काढण्याचा एक फायदा असा, की पाहायला कोणाला परवानगी लागत नाही. घटकाभरात कुंपणापलीकडे चार डोकी दिसू लागली. पुढच्या रविवारी ती कुंपणाच्या अलीकडे आली. तिसऱ्या रविवारी शेजारची सातवीतली मुलगी आपली रंगपेटी आणि वही घेऊन माझ्या बाजूलाच बसली. आम्ही दोघांनी एकच दृश्य रंगवायला घेतले. तेच पपईचे झाड, तीच पांढरी भिंत.

थोड्या वेळाने मी तिच्या वहीत डोकावलो. तिने भिंतीवरची सावली चक्क निळसर रंगवली होती, आणि सावलीचा जमिनीजवळचा भाग किंचित तांबूस.

मी म्हणालो, “अगं, सावली निळी कशी असेल? सावली म्हणजे प्रकाश अडला ती जागा. तिथे काळा किंवा करडा रंग हवा.”

“सर, निळीच दिसते जी,” ती हळूच म्हणाली.

“दिसते तसे नसते,” मी मास्तरकीच्या सुरात सांगितले.

तिने काही न बोलता निळ्यावर काळा रंग फिरवला. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी आली नाही. बाकीची मुलेही कुंपणापलीकडूनच डोकावून जाऊ लागली.

त्या दिवशी एकटाच बसलो असताना माझे लक्ष माझ्याच चित्राकडे गेले. भिंतीवरची काळी सावली सावलीसारखी वाटतच नव्हती. भिंतीला कोणी भगदाड पाडावे तशी ती दिसत होती. चूक कुठे आहे? मनात आले, आपण त्या मुलीला उत्तर दिले ते पुस्तकातून दिले. भिंतीकडे पाहून दिले नाही. मग प्रयोगच का करू नये?

नळीचा प्रयोग

हा प्रयोग तुम्हीही करू शकता. साहित्य अगदी साधे. काळ्या कागदाची वीतभर लांब व पेरूएवढ्या जाडीची एक नळी करा. काळा कागद नसेल, तर कोणत्याही जाड कागदाची आतली बाजू काजळाने काळी करा. एक डोळा मिटून दुसऱ्या डोळ्याला नळी लावा आणि तिच्यातून फक्त सावलीचा भाग पाहा. मग उन्हातला भाग पाहा. असे आलटून पालटून पाहा. एक सूचना मात्र काटेकोरपणे पाळा. नळीतून किंवा नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे कधीही पाहू नका. त्याने डोळा कायमचा अधू होऊ शकतो.

मी नळी लावली आणि थक्क झालो. सावली निळसर होती! आजूबाजूची भिंत, झाड, जमीन काही दिसत नसल्यामुळे तो निळेपणा लपायला जागाच उरली नव्हती.

पण एका निरीक्षणावर विसंबून निष्कर्ष काढणे बरे नव्हे. मनात शंका आली. दिवाळीत भिंत पोतारताना चुन्यात नीळ घालतात. सावलीतला निळेपणा त्या निळीचा तर नसेल? ही शंका दूर करायला मी एक कोरा पांढरा कागद भिंतीवर असा टाचला, की त्याचा अर्धा भाग उन्हात आणि अर्धा सावलीत राहील. कागदाला नीळ लागलेली नव्हती. तरीही सावलीतला अर्धा कागद निळसरच दिसला. म्हणजे नीळ निर्दोष सुटली.

दोन दिवसांनी आभाळ भरून आले. विरळ ढगांतून सूर्य अधूनमधून डोकावत होता. तेव्हा भिंतीवर जी फिकी सावली पडली, ती मात्र करडीच होती. निळेपणा कुठल्या कुठे गेला! आता धागा हाती लागला. भिंत तीच, कागद तोच, सावली त्याच झाडाची. बदलले होते ते फक्त आभाळ.

अंगणातले दोन दिवे

बंद खोलीत रात्री एकच दिवा लावला, तर त्याचा प्रकाश वस्तूने अडवताच मागे बराच अंधार होतो. तिथेही भिंतींवरून परत फिरणारा थोडा प्रकाश सावलीत येतोच, पण तो त्याच दिव्याचा असतो. उघड्यावर तसे नसते. दिवसा अंगणात दोन दिवे लागलेले असतात. पहिला दिवा सूर्य. तो लहान पण अतिशय प्रखर आहे. दुसरा दिवा म्हणजे आपल्या डोक्यावरचे सबंध आकाश. तो मंद आहे, पण प्रचंड मोठा आहे. पपईचे झाड सूर्याला अडवू शकते. आकाशाला कसे अडवणार? म्हणून सावली म्हणजे प्रकाश नसलेली जागा नव्हे. जिथे सूर्याचा थेट प्रकाश पोचत नाही, पण आकाशाचा पोचतो, ती जागा म्हणजे उघड्यावरची सावली.

हा दुसरा दिवा किती प्रकाश देतो? प्रदीपन लक्स या एककात मोजतात. भर दुपारच्या उन्हात ते सुमारे १,००,००० लक्स असते. निरभ्र दिवशी मोकळ्या सावलीत ते १०,००० लक्सच्या आसपास भरते. रात्री घरातल्या दिव्याखाली तुम्ही अभ्यास करता, तिथे ते अनेकदा दोनतीनशे लक्सच असते. म्हणजे ज्या सावलीला आपण काळी म्हणतो, ती आपल्या दिव्याखालच्या वहीपेक्षा कितीतरी पट उजळ असते! काळ्या रंगाने रंगवली तर ती भगदाडासारखी दिसणार नाही तर काय?

आता हा दुसरा दिवा निळा का, ते पाहू. सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सर्व रंग असतात. हा प्रकाश वातावरणातून येताना नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या रेणूंमुळे सर्व दिशांना विखुरतो. याला प्रकाशाचे विकिरण म्हणतात. लॉर्ड रॅले या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८७१ मध्ये याचे गणित मांडले. प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कण खूप लहान असतील, तर विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते.

हिशोब करून पाहा. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी ४५० नॅनोमीटर आणि तांबड्याची ६५० नॅनोमीटर धरू. ६५० ला ४५० ने भागले तर सुमारे १.४४ येतात. त्याचा चौथा घात सुमारे ४.३५. म्हणजे निळा प्रकाश तांबड्याच्या चौपटीहून अधिक विखुरतो. हा विखुरलेला प्रकाश चहूबाजूंनी आपल्या डोळ्यांत येतो, म्हणून आकाश निळे. चौकस वाचक विचारतील, जांभळ्याची तरंगलांबी तर निळ्याहूनही कमी, मग आकाश जांभळे का नाही? कारण सूर्यप्रकाशात जांभळा भाग तुलनेने कमी असतो आणि आपला डोळाही त्याला कमी दाद देतो.

ढगांतले जलबिंदू मात्र रेणूंच्या मानाने फार मोठे असतात. ते सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात, म्हणून ढग पांढरे. आभाळ भरले की दुसरा दिवा निळ्याचा पांढरा होतो आणि सावली करडी. माझा ढगाळ दिवसाचा अनुभव असा उलगडला. दूरच्या टेकड्या निळसर दिसतात तेही याच कारणाने. आपल्या आणि टेकडीच्या मधल्या हवेत विखुरलेला निळा प्रकाश टेकडीच्या प्रकाशात मिसळतो.

मग आपल्याला दिसत का नाही?

सावली निळी आहे आणि आपण ती रोज पाहतो, तर मग ती निळी ‘दिसत’ का नाही? दोष डोळ्यांचा नाही. आपल्या मेंदूच्या एका चांगल्या सवयीचा तो परिणाम आहे.

पांढरी वही उन्हात पाहा, सावलीत पाहा, रात्री पिवळट दिव्याखाली पाहा. तिच्यावरून डोळ्यांत येणारा प्रकाश प्रत्येक वेळी वेगळ्या रंगाचा असतो. तरी आपण तिला पांढरीच म्हणतो. मेंदू आजूबाजूच्या वस्तूंवरून दिव्याचा रंग ताडतो आणि तो मनातल्या मनात वजा करून टाकतो. ही सवय नसती, तर पिकलेला आंबा सकाळी एका रंगाचा आणि संध्याकाळी दुसऱ्याच रंगाचा वाटला असता, आणि ओळख पटणे कठीण झाले असते. मोबाइलच्या कॅमेऱ्यातही अशीच वजाबाकी करणारी सोय असते. नळी लावल्यावर आजूबाजूचे काही दिसत नाही. मेंदूला ताडायला आधार उरत नाही, आणि मग जे आहे ते दिसते.

त्या मुलीला नळीची गरज पडली नव्हती. ती फक्त लक्ष देऊन पाहत होती. ‘सावली काळी असते’ हे कोणीतरी सांगितलेले वाक्य तिच्या डोळ्यांच्या आड आले नव्हते. माझ्या आले होते. लिओनार्दो दा विंची या इटलीच्या चित्रकाराने पाचशे वर्षांपूर्वी आपल्या टिपणांत लिहून ठेवले आहे, की मावळत्या सूर्याच्या उजेडात पांढऱ्या भिंतीवर पडणाऱ्या सावल्या निळ्या दिसतात. त्याच्याजवळ रॅलेचे गणित नव्हते. पाहण्याची सवय होती.

“खाली लाल काहून हाय?”

आता एकच काम राहिले होते. त्याच संध्याकाळी मी नळी घेऊन शेजारच्या घरी गेलो. तोवर त्या घराची पायरी मी चढलो नव्हतो. “या जी, बसा,” म्हणून तिच्या आईने ओसरीवर सतरंजी टाकली, चहा ठेवला. मी मुलीला म्हणालो, “तुझेच बरोबर होते. सावली निळी असते. मी न पाहताच बोललो.”

ती शांतपणे म्हणाली, “मले माहीत होतं सर.” आणि लगेच पुढचा प्रश्न टाकला, “पण खाली लाल काहून हाय, ते सांगा.”

खरेच की! तिने सावलीचा जमिनीजवळचा भाग तांबूस रंगवला होता, आणि मी त्याकडे पुरते दुर्लक्ष केले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी नळी लावून पाहिले. तांबूसपणा होताच. सांदवाडीची माती तांबडी होती. उन्हातल्या मातीवर पडणारा पांढरा प्रकाश अंशतः शोषला जातो आणि उरलेला तांबूस प्रकाश अनियमित परावर्तनाने सगळीकडे फेकला जातो. त्यातला काही भिंतीच्या तळाशी पडतो. उन्हातल्या भागात प्रखर सूर्यप्रकाशापुढे तो कळत नाही. सावलीत मात्र तो उठून दिसतो. म्हणजे अंगणात दोन नव्हे, तीन दिवे होते! तिसरा दिवा आपल्या पायाखालची माती.

खात्री करण्यासाठी आम्ही भिंतीच्या पायथ्याशी, उन्हातल्या मातीवर, एक पांढरे धोतर अंथरले. तांबूसपणा नाहीसा झाला. धोतर उचलले, पुन्हा आला. प्रयोग म्हणतात तो हाच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होते ते पाहायचे.

तेवढ्यात तिची आजी आली. तिनेही नळी डोळ्याला लावली. पण तिला निळे काही दिसेना. तिला सगळे मळकट पिवळे दिसत होते. आम्ही चमकलो. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते, आणि पुष्कळदा पिवळट-तपकिरीही होते. असे भिंग निळा प्रकाश अडवते. घरच्यांना वाटत होते, म्हातारपणी असे व्हायचेच. मी सांगितले, यावर शस्त्रक्रिया होते, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. पुढे ती झाली. पट्टी निघाल्यावर काही दिवसांनी आजी सांदवाडीत येऊन बराच वेळ वर पाहत राहिली आणि म्हणाली, “आभाळ एवढं निळं होतं का जी?”

एका पानाचे तीन हिरवे

त्यानंतर आमचा रविवारचा वर्ग पुन्हा भरू लागला. पुढचा विषय होता झाडांचा हिरवा रंग. रंगपेटीतला हिरवा सरळ लावला तर झाड खेळण्यातल्यासारखे दिसते. का बरे? केळीचे किंवा पेरूचे एक पान घेऊन उन्हात धरा.

पानाचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. जिथून आकाशाचा प्रकाश आरशासारखा परावर्तित होऊन तुमच्याकडे येतो, तिथे पान पांढरट निळे चकाकते. जिथे प्रकाश पानाच्या आत शिरून पुन्हा बाहेर येतो, तिथे पानातले हरितद्रव्य तांबडा आणि निळा भाग शोषून घेते व पान हिरवे दिसते. आता पान डोळा आणि ऊन यांच्या मध्ये धरा. प्रकाश पानातून आरपार येतो आणि पान पोपटी-पिवळे उजळते. एकाच पानाचे हे तीन हिरवे. झाडावर अशी शेकडो पाने वेगवेगळ्या कोनांत असतात. म्हणून झाड रंगवताना हिरव्यात कुठे पिवळा, कुठे निळा, कुठे कणभर तांबडाही मिसळावा लागतो.

रंग मिसळण्यातही एक गंमत आहे. निळ्या व पिवळ्या प्रकाशाचे झोत पडद्यावर एकत्र पाडले, तर योग्य प्रमाणात पांढरा मिळतो. पण निळा व पिवळा जलरंग मिसळले, तर हिरवा मिळतो. कारण रंगद्रव्ये प्रकाश देत नाहीत, तो शोषून घेतात. निळे द्रव्य तांबडा-पिवळा भाग खाते, पिवळे द्रव्य निळा-जांभळा भाग खाते. दोघांच्या तावडीतून वाचतो तो मुख्यतः हिरवा.

सावलीसाठीही आता आम्ही काळी वडी उघडत नाही. निळ्यात थोडा ‘अंबर’ नावाचा तपकिरी रंग मिसळतो. या अंबरमध्ये लोहाची व मँगनीजची ऑक्साइडे असतात. मँगनीज म्हटल्यावर इथली मुले लगेच कान टवकारतात, कारण तुमसर तालुक्यातच चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीजच्या खाणी आहेत. फ्रान्समधल्या लास्को गुहेत आदिमानवाने काढलेल्या चित्रांतला काळा रंगही मँगनीजच्या ऑक्साइडाचाच आहे.

सूर्य थांबत नाही

उघड्यावर चित्र काढताना आणखी एक अडचण येते. चित्र अर्धे होते न होते तोच सावली सरकलेली असते. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, दर ४ मिनिटांना १ अंश. दोन तासांत सूर्य आकाशात ३० अंश सरकतो. सावलीची दिशा, लांबी, उन्हाचा रंग, सारे बदलते. म्हणून सकाळी सुरू केलेले चित्र दुपारी पुढे रेटू नये. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बसावे.

ही अडचण क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने आपल्या अभ्यासाचा विषयच केली. त्याची गोष्ट इथे सांगण्याचे आणखी एक कारण आहे. तोही गावात नवा आलेला माणूस होता. १८८३ मध्ये तो झिव्हर्नी नावाच्या खेड्यात भाड्याच्या घरात राहायला आला. १८९०-९१ मध्ये त्याने गावाजवळच्या शेतातल्या गंज्या रंगवल्या. एकच विषय, पण सकाळ, दुपार, संध्याकाळ, धुके, बर्फ अशा निरनिराळ्या वेळी. तो अनेक कॅनव्हास बरोबर नेई, आणि प्रकाश बदलला की हातातला बाजूला ठेवून त्या वेळेचा कॅनव्हास पुढे घेई. त्या चित्रांत सावल्या निळ्या आहेत, जांभळ्या आहेत. नुसत्या काळ्या नाहीत.

अशा बाहेरच्या चित्रकलेला एका साध्या वस्तूने मोठा हातभार लावला. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने रंग भरायच्या धातूच्या नळीचा शोध लावला. त्याआधी तेलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत ठेवावे लागत, ती फुटे, रंग वाळे. नळी आल्यावर रंग खिशात घालून शेतात जाता येऊ लागले.

१८९३ मध्ये मोनेने घराजवळ जमीन घेऊन कमळांसाठी तळे करायचे ठरवले. तेव्हा गावकऱ्यांनी हरकत घेतली. या परक्या वनस्पतींनी ओढ्याचे पाणी बिघडेल, अशी त्यांना भीती वाटली. गावकऱ्यांचे चुकले असे चटकन म्हणू नका. पाणी त्यांच्या रोजच्या उपयोगाचे होते, आणि नव्या माणसाची नवी गोष्ट जोखून पाहण्याचा त्यांना हक्क होता. अखेर परवानगी मिळाली, तळे झाले आणि मोनेने त्या तळ्यातल्या कमळांची सुमारे २५० चित्रे काढली. १९२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ४३ वर्षे, तो त्याच गावात राहिला. त्यालाही आजीसारखा मोतीबिंदू झाला होता. १९१२ मध्ये त्याचे निदान झाले आणि पुढे त्याच्या चित्रांत तांबूस-तपकिरी रंग वाढत गेले. १९२३ मध्ये शस्त्रक्रिया झाल्यावर त्याला निळे रंग पुन्हा दिसू लागले.

स्वतः पाहा

आपल्या देशातले एक उदाहरण देतो. चंद्रशेखर वेंकट रामन तरुणपणी सरकारी वित्तखात्यात अधिकारी होते, आणि १९१० मध्ये त्यांची काही काळ आपल्या नागपूरला बदली झाली होती. पुढे १९२१ मध्ये युरोपहून बोटीने परतताना त्यांनी समुद्राचा गडद निळा रंग पाहिला. समुद्राचा निळेपणा म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे खुद्द रॅलेने म्हटले होते. रामन यांनी मोठ्या माणसाचे वाक्य म्हणून ते तसेच स्वीकारले नाही. निकोल प्रिझमच्या साहाय्याने त्यांनी पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवला, तरी समुद्र निळाच राहिला. पाणी स्वतःही प्रकाश विखुरते, हे त्यांच्या ध्यानात आले. याच वाटेने पुढे १९२८ मध्ये रामन परिणामाचा शोध लागला.

तेव्हा मित्रांनो, येत्या सुटीच्या दिवशी एवढे करा. घरामागे, शाळेच्या बागेत किंवा कुठेही मोकळ्या जागी बसा. पांढरा कागद अर्धा उन्हात, अर्धा सावलीत ठेवा आणि नळीतून पाहा. सकाळी आठ, दुपारी बारा आणि सायंकाळी पाच अशा तीन वेळी सावलीचा रंग वहीत रंगवून ठेवा. ढगाळ दिवशी पुन्हा करा. सावलीजवळ लाल, हिरवा, पिवळा असे कापड उन्हात अंथरून तिसऱ्या दिव्याचा रंग बदलून पाहा.

तुम्ही गावात नवे असाल, तर हे काम जरूर करा. आणि तुमच्या गावात कोणी नवे आले असेल, तर कुंपणापलीकडून पाहत राहू नका, जवळ जाऊन बसा. त्याला जे दिसते ते कदाचित तुमच्या नजरेतून सुटलेले असेल, आणि तुम्हाला जे दिसते ते त्याच्या. मला बपेऱ्याची सावली एका सातवीतल्या मुलीने दाखवली. तिचे ते चित्र, काळ्या रंगाखाली निळा झाकलेले, मी तिच्याकडून मागून घेतले आहे. माझ्या टेबलावर ते समोरच लावलेले असते. एखाद्या विद्यार्थ्याला ‘चूक’ म्हणण्याआधी मी एकदा त्याकडे पाहतो.